विहिरीवरच्या खेपा

'मॅट्रिक्स' हा शब्द गणितात आणला तो जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने, १८५० साली. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ गर्भाशय. आमच्या पिढीतील ज्या वाचकांनी बालपणी लॅटिन मिस्सा ऐकली आहे, त्यांच्या कानांत 'मातेर' हा शब्द अजून असेल. 'मॅट्रिक्स' त्याच कुळातला. आकड्यांच्या एका चौकटीतून अनेक निश्चयक जन्माला येतात, म्हणून ती चौकट त्यांची कूस, अशी सिल्व्हेस्टरची कल्पना होती. पुढे १८५८ साली त्याचा मित्र आर्थर केली याने अशा चौकटींची बेरीज कशी करावी, गुणाकार कसा करावा, याचे नियम रीतसर मांडले. त्याच्याही आधी, १८१२ साली, ओगुस्तँ कोशी या फ्रेंच गणितज्ञाने निश्चयकांच्या गुणाकाराचा नियम सिद्ध केला होता. हा कोशी निष्ठावंत कॅथलिक. संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या कामात तो मनापासून रमत असे. त्याच्या गणिताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, या दुसऱ्या कामाविषयी फारसे नाही. असो.

ज्यांचा गणिताशी शाळेनंतर संबंध आला नाही त्यांच्यासाठी इतकेच सांगतो, की मॅट्रिक्स म्हणजे चर्चच्या दप्तरातील नोंदवहीप्रमाणे ओळी व रकाने यांत मांडलेले आकडे. दोन मॅट्रिक्सचा गुणाकार करताना पहिल्यातली एक ओळ व दुसऱ्यातला एक रकाना घ्यावयाचा, जोडीजोडीने गुणावयाचे आणि साऱ्यांची बेरीज करावयाची. उत्तरातला एक आकडा मिळतो. शंभर ओळी व शंभर रकाने असतील तर असे दहा हजार आकडे हवेत, आणि प्रत्येकासाठी शंभर गुणाकार. म्हणजे दहा लाख गुणाकार झाले. ओळी-रकाने दुप्पट केले की काम आठपट होते. मॅट्रिक्सच्या गणिताचे सारे दुखणे या आठपटीत आहे.

हे दुखणे आमच्या दारात आले ते पाण्याच्या निमित्ताने. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी पदव्युत्तर अभ्यासासाठी वसईच्या भूजलाचा विषय घेऊन आमच्याकडे येऊ लागली. विहिरींचे पाणी खारे होत जाणे ही आमच्या किनारपट्टीची जुनी दुखरी जागा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीत टँकरने उपसल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न होताच, आणि तो आजही मिटलेला नाही. या मुलीला एवढेच पाहावयाचे होते की अमुक ठिकाणी अमुक इतका उपसा झाला तर आजूबाजूच्या विहिरींची पातळी किती खाली जाईल.

यासाठी जमिनीवर चौकटी आखलेल्या आहेत अशी कल्पना करावी लागते. जमीन सगळीकडे सारखी असेल, पाऊस पडत नसेल आणि कोणी उपसा करीत नसेल, तर पाणी स्थिरावल्यावर प्रत्येक चौकटीतली पातळी ही तिच्या चारही शेजाऱ्यांच्या पातळ्यांची सरासरी असते. उपसा असेल तेथे सरासरीत तेवढी तूट धरावयाची. शंभर बाय शंभर चौकटी घेतल्या तर दहा हजार अज्ञात संख्या आणि दहा हजार समीकरणे झाली. त्यांचे मॅट्रिक्स दहा हजार ओळींचे व दहा हजार रकान्यांचे, म्हणजे दहा कोटी आकड्यांचे होते. शाळेत शिकवतात त्या निरसन-पद्धतीने ते सोडवावयाचे तर सुमारे सदुसष्ट हजार कोटी बेरजा-वजाबाक्या व गुणाकार करावे लागतात.

तिच्याजवळ होता एक जुना संगणक. बाजारात मिळणारे गणिती सॉफ्टवेअर घेण्याची तिच्या महाविद्यालयाची ऐपत नव्हती, आणि चोरलेली प्रत वापरावयाची नाही असे तिच्या वडिलांनी बजावले होते. म्हणून तिने 'ऑक्टेव्ह' घेतले. हे सॉफ्टवेअर कोणीही मोफत घ्यावे, उघडून पाहावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे, असा त्याचा परवाना आहे. जॉन ईटन यांनी ते १९९२ साली लिहावयास घेतले. रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एका पाठ्यपुस्तकाबरोबर वापरता यावे एवढाच मूळ हेतू होता. नावावरून सुरावटीशी संबंध वाटतो, पण तसे नाही. ऑक्टेव्ह लेव्हनश्पील हे ईटन यांचे एक प्राध्यापक. कागदाच्या चिठोऱ्यावर झटपट अंदाजी हिशेब करण्यात ते वाकबगार होते, त्यांचे नाव या सॉफ्टवेअरला दिले. गुरूचे नाव असे अमर झालेले पाहून आम्हां शिक्षक मंडळींना थोडा हेवा वाटल्यास नवल नाही! फ्रान्समध्ये तयार झालेले 'सायलॅब' हे असेच दुसरे सॉफ्टवेअर. पवईच्या आयआयटीतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आपल्याकडे त्याचा पुष्कळ प्रसार झाला, आणि ते शिकविणारे 'स्पोकन ट्युटोरियल'चे पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात. इंग्रजीला बिचकणाऱ्या आमच्या कित्येक मुलांना त्यांचा आधार झाला आहे.

"सर, दोन रात्री चालू ठेवलं होतं. अजून उत्तर नाही," असे सांगत ती एका सकाळी आली. तिच्या वडिलांना विजेच्या बिलाची काळजी होती, तिला प्रबंधाच्या तारखेची. तिने निरसन-पद्धत पुस्तकाबरहुकूम, एकात एक अशा तीन आवर्तनांत, स्वतः लिहून काढली होती. गणित म्हणून त्यात काहीही वावगे नव्हते.

पहिला उपाय त्या मॅट्रिक्सकडे नुसते नीट पाहिल्यावर सुचण्यासारखा होता. प्रत्येक चौकटीला शेजारी चार. म्हणून प्रत्येक ओळीत फार तर पाच आकडे खरे, बाकी सारी शून्ये. दहा कोटी जागांपैकी पन्नास हजारही भरलेल्या नाहीत. दर दोन हजार जागांमागे एक आकडा, आणि उरलेली शून्ये संगणक इमानेइतबारे साठवीत होता, गुणीत होता, वजा करीत होता. अशा विरळ मॅट्रिक्ससाठी टिम डेव्हिस या अमेरिकन प्राध्यापकांनी केलेल्या आज्ञावल्या ऑक्टेव्हच्या पोटात आहेत. त्या फक्त भरलेल्या जागांची नोंद ठेवतात. पण त्यांचे खरे कसब याच्यापुढे आहे. निरसन करू लागले की पूर्वी शून्य असलेल्या जागा हळूहळू भरू लागतात. कोणती अज्ञात संख्या आधी काढून टाकावी हे ठरविण्यात चूक झाली तर विरळ मॅट्रिक्स बघता बघता दाट होते. म्हणून गणिताला हात घालण्यापूर्वी या आज्ञावल्या समीकरणांचा क्रम लावून घेतात. लग्नाच्या पंगतीत आधी कोणाला बसवावे हे जाणणाऱ्या कारभाऱ्याची आम्हांला येथे आठवण होते. पदार्थ तेच, माणसे तीच, पण पंगती सुटसुटीत उठतात.

यांतील एका आज्ञावलीच्या नावात शोलेस्की या माणसाचे नाव दडले आहे. आंद्रे-लुई शोलेस्की हा फ्रेंच तोफखान्यातील अधिकारी. भूमापनाच्या कामासाठी त्याने अशी रीत शोधली की मॅट्रिक्सचा वरचा त्रिकोण खालच्या त्रिकोणासारखाच असेल, आणि आणखी एक अट पुरी होत असेल, तर निरसनाचे काम निम्म्यावर यावे. ३१ ऑगस्ट १९१८ रोजी, महायुद्ध संपावयास जेमतेम अडीच महिने उरले असता, तो रणांगणावर झालेल्या जखमांनी मरण पावला. त्याची रीत छापली गेली १९२४ साली, ती एका सहकारी अधिकाऱ्याने छापविली म्हणून. आमच्या विहिरींचे मॅट्रिक्स नेमके त्या जातीचे होते. जी गोष्ट दोन रात्री होत नव्हती ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झाली, आणि मुलगी आम्ही काही हातचलाखी केली की काय अशा नजरेने पाहू लागली.

पण प्रबंधाचा दुसरा भाग असा सहज सुटण्यासारखा नव्हता. जमिनीखाली कोठे खडक, कोठे वाळू, हे कोणालाच नक्की ठाऊक नसते. म्हणून काढलेल्या पातळ्यांवर विश्वास किती ठेवावा, आणि एका विहिरीच्या मोजमापावरून दुसरीविषयी काय म्हणता येईल, हे तिला शोधावयाचे होते. येथे प्रत्येक चौकटीचा संबंध प्रत्येक चौकटीशी येतो. शून्ये उरतच नाहीत. चौकटी कमी करून तिने त्या सुमारे दोन हजारांवर आणल्या, तरी एका गुणाकाराला आठशे कोटी लहान गुणाकार, आणि असे गुणाकार तिला शेकड्यांनी करावयाचे होते. येथे ना शोलेस्कीचा उपयोग, ना विरळपणाचा. हे काम करावेच लागते.

मग ते लवकर कसे करावे? येथे आम्हांला वाचकांना विहिरीवर न्यावे लागेल. ज्यांच्या लहानपणी घरात नळ नव्हता त्यांना ओंजळ, तांब्या, हंडा आणि विहीर यांतील अंतर सांगावयास नको. संगणकाचेही तसेच आहे. ज्या आकड्यांवर या क्षणी गणित चालले आहे ते ओंजळीत. त्यांच्या जवळ एक लहानशी स्मृती असते, तिला कॅश म्हणतात, तो तांब्या. त्याहून मोठी व थोडी दूर अशी दुसरी कॅश, तो हंडा. आणि मुख्य स्मृती ही परसातली विहीर. तांब्यातून आकडा घ्यावयास प्रोसेसरला त्याच्या घड्याळाचे चार-पाच ठोके लागतात. विहिरीवर जाऊन आणावयाचा तर शेकडो. गुणाकार करण्याचा वेग गेल्या चाळीस वर्षांत अफाट वाढला. विहीर मात्र त्या मानाने जेथल्या तेथेच राहिली. त्यामुळे आजचा संगणक मोठे मॅट्रिक्स गुणताना बराचसा वेळ गणित करीत नसतोच. तो विहिरीवरून येणाऱ्या माणसाची वाट पाहत हात बांधून उभा असतो.

विहिरीवर गेलेला माणूस एक थेंब आणीत नाही, हाही नियम आहे. एका खेपेस साधारणपणे चौसष्ट बाइट, म्हणजे शेजारशेजारचे आठ आकडे येतात. आता ऑक्टेव्ह हे जुन्या फोरट्रान भाषेच्या घराण्यातले. ते मॅट्रिक्स साठविताना आधी पहिला रकाना वरून खाली, मग दुसरा, असे साठविते. रकान्याने खाली उतरत गेलो तर एका खेपेत आलेले आठही आकडे कामी येतात. पण ओळीने आडवे चालू लागलो, तर दोन हजारांच्या मॅट्रिक्समध्ये प्रत्येक पुढचा आकडा सोळा हजार बाइट दूर असतो. खेपेत आठ आले, एक वापरला, सात सांडले. फोरट्रान किंवा सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तीन आवर्तनांतील कोणते आत व कोणते बाहेर एवढाच फरक केला, एकही गुणाकार कमीअधिक केला नाही, तरी वेग कित्येक पटींनी बदलतो. आम्ही तिला हे करून दाखविले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. "म्हणजे सर, बेरजा तेवढ्याच?" एवढेच तिने विचारले. तेवढ्याच.

याच्या पुढची पायरी म्हणजे तुकडे पाडणे. दोन हजारांच्या मॅट्रिक्समध्ये आकडे आहेत चाळीस लाख, पण प्रत्येक आकडा गुणाकारात दोन हजार वेळा लागतो. एकदा आणलेला आकडा परत पाठविण्यापूर्वी जितक्या वेळा वापरून घेता येईल तितक्या खेपा वाचल्या. समजा, बत्तीस बाय बत्तीस आकड्यांचे तुकडे पाडले. एका तुकड्यास ८,१९२ बाइट लागतात. दोन गुणावयाचे व एक उत्तराचा असे तीन तुकडे २४,५७६ बाइटांत मावतात. पुष्कळ प्रोसेसरांतील सर्वांत जवळची कॅश ३२,७६८ बाइटांची असते, म्हणजे तिन्ही तुकडे तांब्यात बसले. आता आणलेला प्रत्येक आकडा बत्तीस वेळा वापरला जाईल आणि विहिरीवरच्या खेपा त्या प्रमाणात घटतील. हा आमचा शाळामास्तरी हिशेब झाला. जे लोक खरोखर हे काम करतात त्यांची मांडणी याहून फार गुंतागुंतीची असते. पण तत्त्व हेच आहे.

ते लोक कोण, हे सांगावयास हवे. १९७९ साली लॉसन, हॅन्सन, किनकेड व क्रोघ या चौघा अमेरिकनांनी मॅट्रिक्सच्या कामातील नेहमी लागणाऱ्या लहान क्रियांची एक यादी प्रसिद्ध केली. प्रत्येक क्रियेचे नाव काय, तिला आकडे कोणत्या क्रमाने द्यावयाचे, हे त्यांनी ठरवून टाकले. तिला 'ब्लास' म्हणतात. १९८८ व १९९० साली तिच्यात भर पडली. जॅक डोंगारा हे या कामातले प्रमुख नाव, आणि २०२१ सालचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला तो अशाच कामांसाठी. या यादीचे मोल आम्हांला फार वाटते. करावयाचे काय हे सर्वांनी मिळून एकदा ठरविले, आणि कसे करावयाचे हे ज्याचे त्याच्यावर सोपविले. त्यामुळे वर लिहिलेला प्रोग्रॅम तोच ठेवून खालची लायब्ररी बदलता येते. ब्लासचा एक साधा, सरळ नमुनाही मोफत उपलब्ध आहे. पण तो मार्गदर्शक म्हणून लिहिलेला, वेगासाठी नव्हे. आमच्या मुलीच्या संगणकावर ऑक्टेव्हच्या खाली नेमका तोच बसलेला निघाला.

वेगवान लायब्ररी बनविण्याचे दोन मार्ग निघाले. क्लिंट व्हेली व डोंगारा यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस टेनेसी विद्यापीठात 'अ‍ॅटलस' केले. ते नव्या संगणकावर बसविताना निरनिराळ्या आकारांचे तुकडे स्वतःच करून पाहते, वेळ मोजते, आणि सर्वांत चपळ ठरेल तो प्रकार ठेवते. दुसरा मार्ग काझुशिगे गोटो यांचा. हे गृहस्थ जपानच्या पेटंट कार्यालयात नोकरीस होते. पुढे ते ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात आले. प्रोसेसरच्या अगदी मूळ भाषेत, एकेक आज्ञा हाताने लिहून, ती ठोक्याठोक्यागणिक पारखून त्यांनी जी लायब्ररी केली, तिने यंत्राने शोधलेल्या मांडण्यांना वर्षानुवर्षे मागे टाकले. तांब्या व हंडा यांचा विचार सारेच करीत होते. गोटोंनी पाहिले की विहिरीकडे जाणाऱ्या वाटाही लक्षात ठेवाव्या लागतात. स्मृतीतला कोणता भाग कोठे आहे याची एक छोटी वही प्रोसेसरजवळ असते. तीत नसलेल्या पत्त्यावर जावयाचे झाले की काम खोळंबते. म्हणून त्यांनी आकडे आधी सलग, दाबून, एका ठिकाणी मांडून घेतले, जेणेकरून थोड्या पत्त्यांत भागावे. हे सर्व त्यांनी व रॉबर्ट व्हान डी गाइन यांनी २००८ साली निबंध लिहून उघडपणे सांगितले.

तरी या कथेत एक अवघड वळण होते. गोटोंच्या लायब्ररीच्या आधीच्या आवृत्त्यांवर परवान्याच्या अटी होत्या. २०१० साली शेवटची आवृत्ती मुक्त परवान्याखाली निघाली, आणि त्याच सुमारास गोटो विद्यापीठ सोडून खाजगी कंपनीत गेले. प्रोसेसर तर दर एक-दोन वर्षांनी नवे येतात. हाताने शिवलेला अंगरखा नव्या अंगाला बसत नाही. काम तेथेच थांबते, तर ती लायब्ररी आज संग्रहात ठेवण्याजोगी वस्तू झाली असती. परवाना मोकळा झाला होता, म्हणून २०११ साली चिनी विज्ञान अकादमीतील झांग शियानयी यांनी ते काम उचलले आणि त्याला 'ओपनब्लास' असे नाव दिले. आजही कोठे कोठे विखुरलेली माणसे नवनव्या प्रोसेसरांसाठी त्यात आज्ञा लिहीत असतात. मध्ययुगातील मठांत ग्रंथांच्या नकला करणाऱ्या भिक्षूंची उपमा येथे द्यावी असा मोह होतो. ती पुरती जुळत नाही, कारण यांतील कित्येकांना पगार मिळतो, कित्येकांना नावाची हौस असते, आणि तसे असण्यात काही वाईटही नाही. पण ज्याने तो आठशे कोटींचा गुणाकार सुकर केला त्याचे नाव वसईतल्या मुलीला ठाऊक नव्हते, इतके मात्र खरे.

याच्या उलट एक गोष्ट आपल्या मराठी मुलखाच्या अभिमानाची आहे. पवईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना रेषीय नियोजनाची एक नवी रीत शोधली. त्या रीतीच्या प्रत्येक पावलाला एका मोठ्या मॅट्रिक्सची समीकरणे सोडवावी लागतात. तिचा वेग म्हणजे मॅट्रिक्सचाच वेग. एटी अँड टी कंपनीने त्या रीतीचे पेटंट घेतले, ते १९८८ साली मिळाले, आणि त्यावर आधारलेली यंत्रणा कंपनीने लक्षावधी डॉलर किमतीला विकावयास काढली. २००६ साली ते पेटंट संपले. गणितातील एका रीतीला असे कुंपण घालावे काय, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला, आणि आमचे मत अर्थातच कुंपणाच्या विरुद्ध आहे. मात्र कुंपण असूनही शोधनिबंध छापला गेला होता, आणि जगभरच्या गणितज्ञांनी त्यावरून इतक्या निरनिराळ्या वाटा काढल्या की कुंपण फारसे कोणाला अडवू शकले नाही. पेटंट कार्यालयातल्या माणसाची लायब्ररी अखेर मुक्त व्हावी आणि आमच्या करमरकरांची रीत पेटंटात जावी, हा योगायोग मात्र गमतीचा!

वर्तमानपत्रांना आवडणारी बातमी निराळीच असते. १९६९ साली फोल्कर श्ट्रासेन या जर्मन गणितज्ञाने दाखविले की दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सना आठ गुणाकार लागत नाहीत, सात पुरतात. मोठ्या मॅट्रिक्सचे तुकडे पाडून हीच युक्ती पुनःपुन्हा वापरली की दुपटीला आठपट होणारे काम सातपट होते. २०२२ साली डीपमाइंडच्या यंत्रबुद्धीने चार बाय चारसाठी, तेही केवळ शून्य-एकच्या अंकगणितात, एकोणपन्नासऐवजी सत्तेचाळीस गुणाकार शोधले, तेव्हा मोठे मथळे आले. ही बुद्धी खरी आणि सुंदर आहे. परंतु श्ट्रासेनच्या रीतीत बेरजा वाढतात, मधले आकडे ठेवावयास जागा लागते, अपूर्णांकांतील चूक थोडी अधिक साठते. म्हणून नेहमीच्या लायब्ररीत तिचा उपयोग क्वचितच होतो. तेथे आठाचे आठच गुणाकार होतात, फक्त विहिरीवरच्या खेपा नीट आखलेल्या असतात. खेपा आखणाऱ्याचा मथळा होत नाही.

ओपनब्लास बसविण्याचे काम अर्ध्या तासाचे होते. तिच्या प्रोग्रॅमचे एक अक्षर बदलावे लागले नाही. पूर्वी एका गुणाकाराला सावकाश सेकंद मोजता येत. आता मोजावयास सुरुवात करण्यापूर्वी उत्तर येऊ लागले. पण दुसऱ्याच दिवशी ती घाबरून आली. दोन्ही लायब्रऱ्यांची उत्तरे तिने शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती आणि शेवटचे एक-दोन अंक जुळत नव्हते. "सर, कोणतं खरं?" हा प्रश्न तिने विचारावा याचा आम्हांला फार आनंद झाला, कित्येक मोठी माणसेही तो विचारीत नाहीत. संगणक प्रत्येक आकड्याचे सुमारे सोळा अंक ठेवतो व पुढचे सोडून देतो. बेरजेचा क्रम बदलला की काय सुटते तेही बदलते. तुकडे पाडून बेरीज केली तर क्रम बदलणारच. दोन्ही उत्तरे सारखीच खरी आणि सारखीच अपुरी. विहिरीची पातळी ती टेपने मोजते, सेंटिमीटरपर्यंत. पंधराव्या अंकाची चिंता तिने करू नये. परंतु दोन पद्धतींतील फरक तिसऱ्या किंवा चौथ्या अंकात दिसता, तर मॅट्रिक्सच आजारी आहे असे समजून थांबावे लागले असते. हेही तिला सांगितले, आणि प्रबंधात लिहावयास लावले.

आणखी एक धडा तिने स्वतःच काढला. ओपनब्लास प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांना एकदम कामाला जुंपते. मोठ्या मॅट्रिक्सला हे मानवते. तिच्या प्रोग्रॅमच्या एका भागात मात्र वीस-वीस ओळींची लहान मॅट्रिक्स लाखोंनी गुणावयाची होती, आणि तेथे चौघांना बोलावून वाटणी करण्यातच अधिक वेळ जात होता. तेवढ्यापुरते एकाच गाभ्यावर काम करावयाचे असे तिने ठरवून दिले, तेव्हा तो भागही पळू लागला. हा शोध नवा नाही, जाणत्यांना तो ठाऊक आहे. पण आम्ही तो तिला सांगितला नव्हता.

प्रबंध वेळेत गेला. आता ती पुढचे काम करते आहे, आणि संगणकावर तिचे काही अडत नाही. अडते ते मोजमापावर. वीस-बावीस विहिरी तिने नेमून घेतल्या आहेत. रविवारी मिस्सा झाली की टेप आणि वही घेऊन ती निघते. महिन्यातून एकदा मोजलेल्या पातळ्या आता पुरत नाहीत, दर आठवड्याला हव्यात, असे ती म्हणते, कारण तेवढे आकडे पचविण्याची सोय झाली आहे. धर्मग्रामातील दोन मुलगे या पावसाळ्यापासून तिच्याबरोबर जाणार आहेत. नेमलेल्या विहिरींपैकी दोन विहिरी दरम्यान मालकांनी स्लॅब टाकून बंद केल्या, तिसरीच्या कडेला पंप बसला आहे आणि तेथे टेप सोडू देत नाहीत. त्या तिन्ही जागी पातळी किती असेल याचा अंदाज शेजारच्या विहिरींवरून ती काढते आहे.